भिंतीचा फुगवटा

मापाडी निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत एक ओळंबा, स्टीलच्या दोन पट्ट्या, खडूची डबी आणि एक वही होती. काम साधं होतं. समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, एक वाकलेली भिंत मोजायची, आकडे लिहायचे आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं. लोखंडाची जाडी, झीज आणि वाक मोजण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून तर तिथल्या मंडळींनी त्याला मापाडी करून टाकलं होतं. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

हे नाव पहिल्यांदा काढलं होतं त्याच्या मेहुण्याने, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. तोही तिथेच कॉम्प्रेसरवर होता. मापाड्यानेच त्याला नोकरीला चिकटवला होता. नात्यामुळे अख्खा प्लॅटफॉर्म त्याला जावईबापू म्हणायचा. स्वयंपाकीसुद्धा ताट वाढताना "जावईबापू, लाजू नका" म्हणायचा, आणि तो कधीच लाजायचा नाही. चार महिन्यांपूर्वी तो त्या भिंतीच्या पलीकडे मेला. आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नाही, मेलाच.

धक्क्यावर लाँचची वाट बघत असताना बहिणीचा फोन आला.

"दादा, तिथेच जातोयस ना?"

"हो."

"मग एवढं बघशील? हे का परत फिरले ते."

मापाड्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चौकशीच्या कागदावर लिहिलंय साहेबांनी... आत आले, आपलं कार्ड उलटलं आणि मग स्वतःच्या मर्जीने परत बाहेर गेले. स्वतःच्या मर्जीने! असं काय राहिलं होतं रे तिकडे? मोबाईल? डबा? दिवसभर तेच उगाळत बसते मी. डोळ्याला डोळा लागत नाही. त्या वेळी मी त्यांच्या डोक्यातच नव्हते का?"

"बघतो."

"बघतो नको म्हणूस. येऊन सांग."

"येऊन सांगतो, चिमे."

फोन खिशात टाकताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, हे त्याला कळलं. पण वाटलं नाही. चार महिने हे असंच चाललं होतं. चहा गरम आहे हे जिभेला समजायचं, पण त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. एकदा पट्टीच्या धारेने बोट कापलं, तर वहीवर लाल डाग दिसल्यावर त्याने बोटाकडे पाहिलं. बायको म्हणाली डॉक्टरकडे चला. डॉक्टर म्हणाला धक्का बसलाय, निवेल हळूहळू. निवायला आधी काही तापलेलं असावं लागतं, एवढं मापाड्यालाही कळत होतं, पण वाद कोण घालणार!

लाँचमध्ये त्याच्याबरोबर दोघंच होती. एक म्हातारा फोरमन, जो त्या दिवशीही प्लॅटफॉर्मवर होता आणि आता निवृत्तीचे दिवस मोजत होता. दुसऱ्या मॅडम. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कानामागे कायम पेन्सिल. स्फोटाने वाकलेल्या भिंती तपासणं हाच त्यांचा धंदा होता आणि भिंतीबद्दल त्या घरच्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलत.

प्लॅटफॉर्म बंद होता. राखणीला चार माणसं आणि एक जनरेटर. राहण्याच्या खोल्यांच्या पुढे एक लांबलचक बोळ होता, खिडकी नसलेला, ट्यूबलाइटचा. बाहेर ऊन असो की पाऊस, आत एकच वेळ. बोळाच्या एका बाजूला खोल्यांची दारं आणि दुसऱ्या बाजूला ती भिंत. जाड पन्हाळी पत्र्याची, उभ्या चोवीस पन्हळींची. अलीकडे माणसं राहायची, पलीकडे गॅसची यंत्रं चालायची. आता तिचं सगळं पोट बोळात आलं होतं. तिच्यात एक लोखंडी दार होतं, तेही चौकटीसकट वाकून असं घट्ट बसलं होतं की पलीकडे जायचं तर बाहेरच्या जिन्याने मोठा वळसा घ्यावा लागे.

मॅडमनी भिंतीवर तळवा ठेवला. "ही वाकण्यासाठीच बनवलेली असते. गॅसचा भडका जो धक्का देतो ना, तो पापणी लवेपर्यंत संपतो. तेवढ्यात हिने वाकून तो पिऊन टाकायचा. ताठ उभी राहिली असती तर जोडातून फाटली असती, आणि तुम्ही बेचाळीस जण आज नसता."

"आणि मग?" मापाड्याने विचारलं.

"मग काय? वाकली तिथेच थांबते. धक्का गेला, तिचं काम संपलं. आता शंभर वर्षं हात लावला नाहीत तरी अशीच राहील. आपण फक्त किती वाकली ते मोजायचं, म्हणजे माणसं परत राहायला आणायची की नाही ते ठरेल."

फोरमन म्हणाला, "चांगली निघाली बिचारी," आणि खोलीत बॅगा टाकायला गेला.

आता ते कार्डाचं सांगून टाकतो, कारण सगळी मेख तिथे आहे. बोळाच्या तोंडाशी एक फळा होता. प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवं. भोंगा वाजला की धावत आत यायचं, आपलं कार्ड उलटून हिरवं करायचं आणि रांगेत उभं राहायचं. सगळी त्रेचाळीस कार्डं हिरवी झाली की फोरमनने भिंतीतलं दार लावून घ्यायचं. दर रविवारी दहाला याची तालीम व्हायची. तोच भोंगा, तीच धावपळ. कंटाळा येणारच की. मग लोकांनी जोड्या केल्या होत्या. जो आधी पोचेल त्याने दोघांचीही कार्डं उलटायची, दुसऱ्याने चहाचा कप संपवून निवांत यायचं. मापाडी आणि जावईबापूंची जोडी तर पक्की. ही चलाखी तिथे सगळ्यांना ठाऊक होती. चौकशीत मात्र एकालाही आठवली नाही.

त्या दिवशी रविवार नव्हता. सकाळचे सात चाळीस. मापाड्याच्या हातात ब्रेडचा तुकडा होता, फळा दोन पावलांवर. भोंगा झाला, तो उठला आणि हाताने सवयीने दोन कार्डं उलटली. डोकं नंतर आलं. चौथ्या मिनिटाला फोरमन फळ्याकडे बघून ओरडला, "त्रेचाळीस! लावा दार!" सहाव्या मिनिटाला मापाड्याने रांगेवरून नजर फिरवली आणि जावईबापू दिसला नाही.

वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. फोरमन हातभर अंतरावर उभा होता. पण बोललो तर फोरमन विचारणार, मग कार्ड कोणी उलटलं? चारचौघांत विचारणार, आणि त्याचं तोंड म्हणजे गटार. असेल मागे कुठेतरी, मापाड्याने मनाशी म्हटलं. संडासात असेल. येईल. दार उघडलं तर गॅस आत शिरेल, वगैरे गोष्टी त्याने नंतर शोधून काढल्या. तेव्हा त्याला फक्त शिव्यांची लाज वाटली होती. पाच मिनिटं तो ते वाक्य तोंडात धरून उभा राहिला. अकराव्या मिनिटाला भिंत आत आली. आवाज त्याला आठवत नाही. सगळा रंग एकाच वेळी भिंतीवरून सुटला आणि भिंत चालत जवळ आली, एवढं आठवतं.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तुमच्या मेहुण्यांचं कार्ड हिरवं कसं? मापाडी म्हणाला, त्यानेच उलटलं असेल.

असो. मोजमाप सुरू झालं. वरच्या तुळईला हूक बसवून ओळंबा सोडायचा, तो डुलायचा थांबला की दोरा आणि पत्रा यांच्यातलं अंतर पट्टीने घ्यायचं आणि त्यावरून फुगवटा काढायचा. एका पन्हळीवर पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोनदा. पहिल्या आठ पन्हळी झपाझप झाल्या, कारण त्या वेळी पट्टी मॅडमच्या हातात होती आणि मापाडी दूर फळ्यापाशी बसून आकडे लिहीत होता. मग मॅडम फोरमनला घेऊन पलीकडची बाजू बघायला गेल्या आणि तो एकटा राहिला.

नववी पन्हळ दाराला लागूनच. कमरेच्या उंचीवर फुगवटा आला दोनशे बारा मिलिमीटर. दुसऱ्यांदा घेतला, दोनशे सोळा. ओळंबा हलला असेल म्हणून तो थांबला, दोरा बोटाने स्थिर केला. दोनशे एकोणीस. त्याने तिन्ही आकडे वहीत लिहिले. दुसरा कोणी असता तर पट्टी टाकून पळाला असता. याने टोक केलेली पेन्सिल पुन्हा टोकदार केली आणि दहावी पन्हळ घेतली. तिथेही तेच, उभा राहील तितका आकडा चढत जायचा.

संध्याकाळी मॅडमनी पडताळणी म्हणून नववी पुन्हा मोजली. दोनशे बारा.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, मापाडी."

"असेल."

"असेल काय? आठ मिलिमीटर जाडीचं लोखंड आहे हे, रबर नाही."

"उद्या पुन्हा घेतो," तो म्हणाला आणि जेवायला गेला. काय जेवला ते त्याला दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम कँटीनमध्ये दोन वह्या समोर घेऊन बराच वेळ बसल्या. त्यांचा चहा निवून वर साय धरली. मग त्यांनी फोरमनला आणि मापाड्याला बोलावलं.

"तुमचे आकडे चुकलेले नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "चुकणारा माणूस कधी वर चुकतो, कधी खाली चुकतो. तुमचे फक्त वर जातात. आणि सगळ्यात जास्त कुठे, माहितीये? जिथे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतात तिथे."

फोरमन हसला. "अहो मॅडम, याला माणसं चिकटत नाहीत, भिंत कुठली चिकटायला!"

मॅडमनी वह्या मिटल्या आणि उठल्या.

तिघे बोळात आले. मॅडमनी विसाव्या पन्हळीपाशी ओळंबा सोडला. पट्टी स्वतःच्या हातात घेतली. मापाड्याला म्हणाल्या, "कशाला हात लावू नका. नुसते उभे राहा."

तो उभा राहिला. ट्यूबलाइटची भुणभुण चालू होती.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "अठ्ठ्याऐंशी." मग बराच वेळ काही नाही. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "नव्वद..."

दोरा सरळ होता. तो कणभरही हलत नव्हता. हलत होती ती भिंत, आणि तिचा काही आवाज नव्हता. एवढं लोखंड वाकताना कुरकुरायला हवं, किंचाळायला हवं. काही नाही. स्फोटानंतर मारलेल्या नव्या रंगाची एक टिकली सुटली आणि मापाड्याच्या बुटावर पडली. मग जळक्या रंगाचा वास आला, चार महिन्यांपूर्वीचा, ताजा.

"त्र्याण्णव... मापाडी, मागे व्हा."

तो हलला नाही. भिंत त्याच्या छातीपासून वीतभर होती. तिच्यातून ऊब येत होती, तापलेल्या कपाळातून येते तशी. आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं.

"मागे व्हा म्हणते ना!"

फोरमनने त्याची कॉलर धरून त्याला ओढला आणि पार सोळाव्या पन्हळीपर्यंत नेला. मॅडमनी पट्टी लावली. पाहत राहिल्या.

"अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "परत गेली... लोखंड असं करत नाही हो. एकदा वाकलं की वाकलं. ते परत जात नाही." आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या, पेन्सिल कानामागेच.

एवढ्यात सोळाव्या पन्हळीवरून दुसरी टिकली पडली. फोरमनने ती पडताना पाहिली. तो एक शब्दही न बोलता बोळाबाहेर निघून गेला आणि परत यायची वेळ होईपर्यंत डेकवर बसून राहिला. पाचावर धारण बसणं म्हणतात ते मापाड्याने त्या दिवशी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मापाड्याला बाहेरच्या जिन्याने पलीकडे घेऊन गेल्या. स्फोटानंतर तो तिथे पहिल्यांदाच येत होता. सगळं काळं. यंत्रं, पाइप, जमीन, भिंत, सगळ्यावर काजळीचा थर. दाराशेजारी मात्र भिंतीवर एक जागा स्वच्छ होती. जमिनीपासून सुरू होणारी, माणसाच्या पाठीएवढी रुंद, आणि वर एक गोल, डोक्याएवढा.

"इथे कोणीतरी पाठ टेकून बसलं होतं," मॅडम म्हणाल्या.

मापाड्याने नजरेनेच त्या जागेची रुंदी मोजली.

"आणि हे बघा दारावर. पान्याचे घाव आहेत. मी मोजले, सदतीस. दाराच्या पोटात आग अडवायला जाड खनिज लोकर भरलेली आहे, आत ऐकू आलं नसणार. सुरुवातीचे जोरात आहेत. शेवटचे चार-पाच नुसते ओरखडे आहेत. मग... मग बसले असावेत."

वाऱ्याने कुठेतरी एक पत्रा आपटत होता.

"मी भिंतीतली आहे, माणसांतली नाही," त्या पुढे म्हणाल्या. "पण आत येऊन पुन्हा स्वतःच्या मर्जीने बाहेर गेलेला माणूस असं दार ठोकत बसेल का? तो दार बंद झाल्यावर पहिल्यांदाच इथे पोचलेला दिसतो. मग ते कार्ड... त्यांनीच उलटलं होतं ना?"

"हो," मापाडी म्हणाला. "त्यानेच."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. या बाजूने भिंत काहीच करत नव्हती. काळीठिक्कर उभी होती.

"तुमचे आकडे मी अहवालात घेत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मी माझे देते. भिंत ठीक आहे, दुरुस्त करून माणसं आणता येतील. तुमची वही तुमच्याकडे ठेवा. त्यातले आकडे भिंतीचे नाहीत." आणि जिना उतरताना, पाठमोऱ्याच, "घरी कोणी आहे का त्यांचं?"

"माझी बहीण."

"मग तिला सांगा," मॅडम म्हणाल्या. काय सांगा, ते त्या बोलल्या नाहीत.

परतीच्या लाँचमध्ये मापाड्याने वाक्य तयार केलं. चिमे, कार्ड मी उलटलं. चार शब्द. चार शब्दांना काय लागतं? किनारा दिसेपर्यंत त्याने ते ओठांतल्या ओठांत शंभरदा म्हटलं. बसमध्ये म्हटलं. बहिणीच्या इमारतीचे जिने चढताना प्रत्येक मजल्यावर एकदा म्हटलं, म्हणजे तीनदा.

दुपारचे साडेतीन वाजले होते. बहिणीने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी गुंडाळलेले. दोनच खोल्या. आतल्या खोलीत भिंतीला लावलेला पलंग, समोर एक खुर्ची. तिने चहा टाकला होता. कप त्याच्या हातात दिला आणि पलंगाच्या कडेला बसली.

"सांग."

"बसू तर दे."

"बसलास की. सांग. का परत फिरले हे?"

मापाड्याने तोंड उघडलं. वाक्य अगदी तिथेच होतं, दातांच्या मागे. बहीण दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून त्याच्याकडे बघत होती. लहानपणी तिचं बोट दारात सापडलं होतं, तेव्हा डॉक्टर यायच्या आधी ती अशीच बघत होती.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

"काय?"

"त्याने कार्ड उलटलं... आणि बघितलं तर मी कुठे दिसलो नाही त्याला. गर्दी होती. मी मागे होतो. त्याला वाटलं मी बाहेरच राहिलो. मला शोधायला गेला तो, चिमे."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. एवढं सलग तो चार महिन्यांत बोलला नव्हता.

बहिणीने पदर तोंडाला लावला आणि रडली. चार महिन्यांत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. हमसून हमसून रडली, मध्येच हसली, नाक पुसलं आणि उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"वेड्या... एवढे दिवस पोटात ठेवून बसलास होय? मी काय रागावले असते तुझ्यावर? मला वाटायचं, कुठल्यातरी फडतूस वस्तूपायी गेले. तुझ्यासाठी गेले म्हणजे... म्हणजे माझ्यासाठीच गेले की रे." ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "तू वाचलास ना. बास. मला आता काही नको."

हा हात आपल्या डोक्यावर नसावा, एवढं मापाड्याला स्पष्ट कळत होतं. तो डोकं काढून घेणार होता. पण नाही काढलं. चहा पिऊन टाकला आणि त्याबरोबर ते चार शब्दही.

"जरा पडते रे," ती म्हणाली. "कित्येक दिवसांनी डोळे मिटायला लागलेत बघ. जाऊ नकोस हं. संध्याकाळी जेवूनच जा."

ती पलंगावर आडवी झाली, पाठ भिंतीला लावून, आणि लहान मुलासारखी दोन मिनिटांत झोपली. तिचा श्वास लांब झाला. पडद्यावर ऊन होतं. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मापाडी रिकामा कप धरून खुर्चीत बसून राहिला. निदान ही झोपली, असं त्याच्या मनात आलं. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तसं काही झालं नाही, पण ती झोपली होती हे खरं होतं.

मग चुन्याची बारीक भुकटी बहिणीच्या केसांवर पडली.

मापाड्याने वर पाहिलं. पलंगामागची भिंत होती ती. त्याच्या डोळ्याला पट्टी लागत नसे. इतकी वर्षं मोजून मोजून डोळाच पट्टी झाला होता. दहा. बारा. रंगाला केसाएवढी चीर गेली आणि बंद झाली. पंधरा. आवाज नव्हता. जळक्या रंगाचा वास हळूहळू खोलीत भरत होता, त्या बोळातला. आणि ती भिंत म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत. तिच्या पलीकडे खोली नव्हती, गॅलरी नव्हती. तीन मजल्यांची सरळ पोकळी आणि खाली सायकली लावायची जागा.

वीस.

बहिणीला उठवायला हवं होतं. हाक मारायला तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडून पाहिलं, उघडलं नाही.

बहिणीने झोपेतच कूस बदलली. भिंतीपासून सरकून ती पलंगाच्या अलीकडच्या कडेला आली, अगदी कडेला, आणि भिंतीच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी केली. रात्रपाळीहून घरी आलेल्या नवऱ्यासाठी बायका करतात तशी, डोळे न उघडता. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आलात?" ती म्हणाली. आवाज झोपेतला होता, रोजचा.

मापाड्याने कप जमिनीवर ठेवला.

"दादा आलाय," ती पुटपुटली. "सांगत होता सगळं... तुम्ही त्याला शोधायला परत गेलात म्हणून..."

मग ती थांबली.

"हं," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "हं?"

नंतर ती गप्प झाली. कोणी बोलत असताना मध्ये न तोडता माणूस ऐकतो, तशी गप्प. मापाडी ते किती वेळ चाललं हे मोजायचा प्रयत्न करत होता आणि त्याला मोजता येत नव्हतं. पडद्यावरचं ऊन सरकलं नाही. खाली सायकलची घंटी वाजली नाही.

बहिणीने सावकाश कूस बदलली, भिंतीकडे पाठ केली. डोळे उघडले. ते झोपेतले नव्हते. तिने दादाकडे पाहिलं.